ते किएरो म्हणजे नक्की किती प्रेम?

कबुली देऊनच सुरुवात करते. माझ्या आयुष्यात आजवर एकदाच कुणीतरी मला 'ते किएरो' म्हणालं. अगदी फिल्मी सेटिंग होतं हो. माद्रिदचं अतोचा स्टेशन, आत चक्क माडासारख्या झाडांची बाग, रविवारची संध्याकाळ, त्याची सारागोसाची ट्रेन पंचवीस मिनिटांवर. तिकडे फास्ट ट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर तिकीट नसलेल्याला जाता येत नाही, त्यामुळे आपल्यासारखं खिडकीला लोंबकळत 'पोचलास की मेसेज कर' असं करण्याची सोय नाही. जे काय बोलायचं ते बॅगा स्कॅन होण्याआधी! तर तो थांबला, वळला आणि म्हणाला, "ते किएरो."

आणि मी, मास कॉमची डिग्री घेतलेली, शब्दांवर पोट भरणारी मुलगी, काय म्हणाले असेन?

"ग्रासिआस."

म्हणजे थँक यू! जसं काही त्याने मला रिक्षा थांबवून दिली होती. तो क्षणभर बघत राहिला, मग हसला, "दे नादा" म्हणाला (म्हणजे 'त्यात काय एवढं') आणि बॅग उचलून रांगेत लागला.

त्या दिवसानंतर मी स्पॅनिश जरा सिरियसली शिकले. पर्यटकांसाठीच्या छोट्या पुस्तकांत 'बिल आणा', 'बाथरूम कुठे आहे' हे सगळं असतं, पण जे खरंच अडतं ते नसतं. आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी ऑनसाइट माद्रिदला असतं नाहीतर मेक्सिकोत, कुणी तिकडे मास्टर्सला जातं, आणि बाकीचे २०११ च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'पासून 'एकदा तरी स्पेन' म्हणत बसलेलेच आहेत. जवळजवळ ५० कोटी लोकांची ही मातृभाषा. त्यातलं एखादं माणूस तुमच्यासाठी अतोचा स्टेशनवर थांबलं, तर निदान तुमची माझ्यासारखी गत होऊ नये, म्हणून आजचा कॉलम.

आधी गुड न्यूज

स्पॅनिश उच्चार आपल्या जिभेला सोपे जातात. तिकडचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून. 'र' खणखणीत. 'ह' लिहितात पण बोलत नाहीत, म्हणून 'ओला'. 'ज' चा होतो घशातला खरखरीत 'ख'. 'व' लिहिला तरी बोलताना 'ब'. स्पेनच्या बऱ्याच भागात 'ग्रासिआस'चं 'ग्राथिआस' होतं आणि सारागोसाचं 'थारागोथा'. लॅटिन अमेरिकेत सरळ 'स'. आपण 'स' म्हटलं तरी कुणी नाव ठेवत नाही.

आणि सगळ्यात भारी म्हणजे स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात! अर्थही तोच, जवळीकही तीच. आपल्या 'तुम्ही'सारखा तिकडे 'उस्तेद' आहे. स्पेनमध्ये तरुण मंडळी पहिल्या भेटीतच 'तू'वर येतात. कोलंबियातल्या बोगोताकडे मात्र नवरा-बायको, गर्लफ्रेंड-बॉयफ्रेंडसुद्धा एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना दिसतात. आपल्या आजीच्या 'अहो'ची आठवण झाली ना? तिकडचं 'अहो' फक्त दोन्ही बाजूंनी असतं, एवढाच फरक. अर्जेंटिनाला जाणार असाल तर 'तू'च्या जागी 'बोस' ऐकू येईल. घाबरू नका, अर्थ 'तू'च.

ओला ते तोमार आल्गो

माझी त्याची भेट झाली 'इन्तेरकाम्बियो'मध्ये. माद्रिदमध्ये हा प्रकार हमखास सापडतो. एखाद्या बारमध्ये संध्याकाळी लोक जमतात, अर्धा वेळ तुमची भाषा, अर्धा वेळ माझी. मी तीन आठवड्यांच्या स्पॅनिश कोर्सला गेले होते (फ्रीलान्सिंगचं दोन वर्षं साठवलेलं मानधन, नो कमेंट्स), आणि तो त्या महिन्यात कामासाठी माद्रिदमध्ये होता. त्याला इंग्लिश सुधारायचं होतं.

पहिला धक्का ओळखीचाच. हात पुढे केला तर समोरून गाल आला! स्पेनमध्ये मुलगी-मुलगी किंवा मुलगा-मुलगी भेटले की 'दोस बेसोस', म्हणजे दोन्ही गालांना गाल लावून हवेत दोन पाप्या. मेक्सिकोत एकच. त्यात रोमान्स शून्य. ऑफिसातसुद्धा करतात, मित्राच्या आईलासुद्धा करतात. त्यावरून स्वप्नं रंगवू नका, आणि नको वाटलं तर हात पुढे करून गोड हसा, चालतं.

मग म्हणायचं 'एन्कान्तादा', म्हणजे 'भेटून छान वाटलं'. मुलगा असाल तर 'एन्कान्तादो'. हे आपल्याला सांगावं लागत नाही, कारण आपणही 'दमलो-दमले' करतच असतो. फक्त एक काळजी घ्या. 'एस्तोय कान्सादा' म्हणजे 'मी दमलेय' आणि 'एस्तोय कासादा' म्हणजे 'माझं लग्न झालंय'. मधला एक 'न' खाल्लात तर संध्याकाळ तिथेच संपली!

स्पेनमधली घासून गुळगुळीत झालेली लाइन म्हणजे 'एस्तुदियास ओ त्राबाखास?' शिकतेस की नोकरी करतेस? आपल्या 'तुम्हाला कुठेतरी पाहिलंय'ची सख्खी बहीण. आता ती कुणी सिरियसली वापरत नाही, पण मुद्दाम नाटकी सुरात टाकलीत तर हशा नक्की. आणि हो, 'सेन्योरिता' हा शब्द गाण्यातच ठेवा. स्पेनमध्ये समवयस्क मुलीला तशी हाक मारलीत तर शाळेतल्या बाईंना हाक मारल्यासारखं वाटेल.

बाहेर बोलवायचंय? 'किएरेस तोमार आल्गो?' काहीतरी घेऊया का? त्यात कॉफी येते, बिअर येते, लिंबू सरबतही येतं. बंधन नाही, म्हणून समोरच्यालाही 'हो' म्हणणं सोपं. दिवस ठरवायचा तर 'केदामोस एल बिएर्नेस?' शुक्रवारी भेटूया? 'सीता' असाही शब्द आहे डेटसाठी (आपली सीता नव्हे!), पण तोच शब्द डॉक्टरच्या अपॉइंटमेंटलाही वापरतात. म्हणून कुणी 'तेन्गो उना सीता' म्हणालं, तर जळण्याआधी दात दुखतोय का ते विचारा.

बिलाचा फंडाही समजून घ्या. 'ते इन्बीतो' याचा शब्दशः अर्थ 'मी तुला आमंत्रण देते', पण खरा अर्थ 'बिल माझ्याकडे'. नुसतं 'चल ना' म्हणायचं असेल तर हा शब्द तोंडातून काढू नका, नाहीतर टेबलभर मंडळी तुमच्या खात्यावर जेवतील. अर्धं-अर्धं करायचं तर 'पागामोस आ एस्कोते'. आणि डिनर म्हणजे रात्री नऊ-दहा. मी पहिल्या दिवशी साडेसातला भुकेने कासावीस होऊन हॉटेलच्या दारात उभी, तर आतले वेटर स्वतः जेवत होते!

पसंत पडणं आणि नुसतंच पडणं

आता आमच्या एका मित्राची गोष्ट. त्याला आपण 'ऑनसाइटवीर' म्हणू, कारण त्याने पेढे देऊन गप्प राहायला सांगितलंय. स्वारी मेक्सिकोत ग्वादालाखाराला प्रोजेक्टवर. टीम लीड एक मेक्सिकन मॅडम, एकदम कडक आणि एकदम हुशार. पहिलं रिलीज व्यवस्थित पार पडलं तेव्हा याला वाटलं, चला, कौतुक करूया. डोक्यात इंग्लिश वाक्य तयार झालं, 'आय लाइक यू'. अॅपने शिकवलं होतं, लाइक म्हणजे 'गुस्तार'. याने पूर्ण टीमसमोर छातीठोकपणे सांगितलं, "मे गुस्तास!"

कॅन्टीनमध्ये शांतता पसरली.

कारण 'मे गुस्तास' म्हणजे 'तू चांगली माणूस आहेस' नाही. 'मे गुस्तास' म्हणजे 'तू मला आवडतेस'. तसलं आवडतेस. नशीब, मॅडम समजूतदार निघाल्या. हसून म्हणाल्या, तुला 'मे काएस बिएन' म्हणायचंय बहुतेक.

'मे काएस बिएन'चं शब्दशः भाषांतर गमतीदार आहे. 'तू मला चांगली पडतेस.' कुणाशी पटतंय, कुणाचा स्वभाव आवडतो, हे सांगायला हे वाक्य. त्यात प्रेमबिम काही नाही. गंमत बघा, आपल्याकडेही 'पसंत पडणं' आहेच! फक्त आपल्याकडे मुलगी पसंत पडली की कांदेपोहे संपून हॉल बुक होतो, आणि तिकडे 'चांगली पडली' की समजायचं, तुम्ही फ्रेंडझोनमध्ये स्थायिक झालात.

मित्राने हा किस्सा सांगितला तेव्हा मी आधी पोट धरून हसले, मग विचारात पडले. हा माणूस साताऱ्याचा. टीम लीडला मराठीत कधी 'तुम्ही मला आवडता' म्हणाला असता का? जीभ उचललीच नसती! मराठीत 'तू मला आवडतेस' या वाक्याचं वजन आपल्याला पोटातून माहीत असतं. इंग्लिशमध्ये मात्र 'लाइक' आपण चहापासून फोटोपर्यंत सगळ्याला वाटत फिरतो. म्हणजे तो स्पॅनिशमध्ये चुकलाच नाही. तो मधल्या इंग्लिशमध्ये चुकला.

व्हाया इंग्लिश जाऊ नका

हीच आजची माझी मेन टीप. स्पॅनिशमध्ये मनातलं बोलायचं असेल तर इंग्लिशमधून भाषांतर करू नका. आधी मराठीत म्हणून बघा.

इंग्लिशवाल्यांना 'मे गुस्तास' शिकताना घाम फुटतो, कारण त्यांच्याकडे 'मी' लाइक करतो, 'तुला' लाइक करतो. स्पॅनिशमध्ये उलटं. आवडणारी व्यक्ती वाक्याची मालकीण आणि मी फक्त 'मला'. मे गुस्तास. मला आवडतेस. बघा, जशीच्या तशी आपली रचना! कॉफी आवडते तर 'मे गुस्ता एल काफे', मला कॉफी आवडते. ज्या धड्यावर माझ्या वर्गातली अमेरिकन मुलगी तीन दिवस डोकं आपटत होती, तो मला पंधरा मिनिटांत आला. आयुष्यात पहिल्यांदा मराठी मीडियमचा असा सॉलिड फायदा झाला!

उत्तर देतानाही तेच. कुणी 'मे गुस्तास' म्हणालं आणि तुम्ही इंग्लिश 'मी टू' डोक्यात ठेवून 'यो ताम्बिएन' म्हणालात, तर गडबड. त्याचा अर्थ होतो 'मीपण', म्हणजे 'मलासुद्धा मी आवडते'! बरोबर उत्तर आहे 'ई तू आ मी', म्हणजे 'आणि तू मला'. मराठीत विचार केलात तर चुकणारच नाही. ('ते किएरो'ला मात्र 'यो ताम्बिएन' चालतं, कारण तिथे वाक्याची मालकी 'मी'कडे आहे.)

उकडतंय? इंग्लिशमधून गेलात तर 'एस्तोय कालिएन्ते' म्हणाल. चारचौघांत प्लीज नको, त्याचा अर्थ 'मी कामातुर झालेय' असा होतो. मराठीत आपण 'मी गरम आहे' म्हणतो का? 'मला गरम होतंय' म्हणतो. स्पॅनिशही 'मी गरम आहे' म्हणत नाही. 'तेन्गो कालोर' म्हणते, माझ्याकडे उष्मा आहे. वयाचंही असंच. 'तेन्गो बेइन्तिओचो आन्योस', म्हणजे माझ्याकडे २८ वर्षं आहेत. माझा तो मित्र इंग्लिशमध्ये सरळ "आय हॅव ट्वेंटी नाइन इयर्स" म्हणायचा. आधी मी हसायचे, मग मलाच ते गोड वाटायला लागलं. वर्षं आपल्याकडे असतात, जमवल्यासारखी. (या वाक्यातला 'न्य' नीट उच्चारा. नुसतं 'आनोस' म्हणालात तर वर्षांच्या जागी शरीराचा भलताच भाग येतो, तोही २८ वेळा!)

आणि लाजल्यावर 'एम्बारासादा' हा शब्द ओळखीचा वाटतो म्हणून वापरू नका. त्याचा अर्थ 'गरोदर'. लाज वाटत असेल तर 'के बेर्गुएन्सा!' म्हणायचं, म्हणजे 'काय हे लाजिरवाणं!'

तीन पायऱ्या

आता मुख्य मुद्दा. प्रेम किती, हे सांगायला स्पॅनिशमध्ये पायऱ्या आहेत.

पहिली पायरी 'मे गुस्तास'. तू मला आवडतोस. हृदय धडधडतंय, पण अजून घरी सांगितलेलं नाही. 'मे गुस्तास मूचो' म्हणजे खूप आवडतोस.

दुसरी 'ते किएरो'. आणि इथेच माझी दांडी उडाली होती. 'केरेर' या क्रियापदाचा रोजचा अर्थ 'हवं असणं'. कॉफी हवीय तर 'किएरो उन काफे'. ज्या लॅटिन शब्दातून तो आला, त्याचा अर्थ 'शोधणं'. शोधता शोधता हवंसं झालं, हवंसं होता होता प्रेम झालं, असा त्या शब्दाचा प्रवास. आज 'ते किएरो' आईला म्हणतात, जिवलग मैत्रिणीला म्हणतात, प्रेमाच्या माणसालाही म्हणतात. त्यात माया आहे, ओढ आहे, 'तू माझ्या आयुष्यात हवास' हे आहे. पण 'उद्याच लग्न करू' हे नाही.

तिसरी 'ते आमो'. हे मोठं वाक्य. स्पेनमध्ये ते सहसा ठेवणीतल्या शालूसारखं कपाटात असतं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत काढलंत तर समोरच्याला टीव्ही सिरियल चालू झाल्यासारखं वाटेल. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेत इतरत्र हे जरा सढळ हाताने वापरतात, आई मुलालाही म्हणते. त्यामुळे देश बघून वजन ठरवा.

आपल्याकडे या मधल्या पायरीची पंचाईत आहे. 'तू मला आवडतेस' आहे, आणि मग एकदम 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', जे म्हटलं की आपण रंगमंचावर उभे आहोत असं वाटतं. म्हणून आपण ते इंग्लिशमध्ये म्हणून मोकळे होतो, अंगावर येत नाही ना! मी त्या दिवशी 'ते किएरो' ऐकलं आणि माझ्या डोक्यात थेट 'आय लव्ह यू' वाजलं, तेही लग्नाच्या बँडसकट. तीन आठवड्यांच्या ओळखीत? मी घाबरले. तो मधल्या पायरीवर उभा राहून बोलत होता आणि मला वाटलं गच्चीवरून ओरडतोय.

गालातल्या गालात

लाडाच्या शब्दांत तर ही भाषा मालामाल. 'कारीन्यो' (लाडक्या), 'मी सिएलो' (माझं आभाळ), 'कोरासोन' (काळीज, आपल्या कोळीणबाई म्हणतात तसंच). शेवटी 'इतो-इता' लावलं की सगळं लहान आणि गोड होतं. 'बेसो' म्हणजे पापी तर 'बेसितो' म्हणजे इवलीशी पापी. २०१७ साली जगाला वेड लावणाऱ्या 'देस्पासितो'चा अर्थही 'हळूहळू, अगदी हळूच'. आपल्या 'सोनुल्या-छकुल्या'चाच हा प्रकार.

पण हुरळून जाऊ नका. माद्रिदच्या मंडईत भाजीवाल्या काकू मला रोज 'ग्वापा' म्हणायच्या, म्हणजे 'सुंदरी'. पहिल्या दिवशी मी तरंगत घरी आले. तिसऱ्या दिवशी कळलं, त्या सगळ्यांनाच म्हणतात. टोमॅटोच्या पिशवीबरोबर फ्री!

माझा सगळ्यात आवडता शब्द 'मेदिया नारान्खा', अर्धं संत्रं. आयुष्याचा जोडीदार, आपली दुसरी फोड. आणि हा 'नारान्खा' कुठून आला माहितीये? आपल्या संस्कृत 'नारंग'पासून, फारसी आणि अरबी वाटेने थेट स्पेनला. नागपूरकरांनो, कॉलर ताठ करा. स्पॅनिश प्रेमात अर्धा वाटा तुमचा!

नाही म्हणायलाही शब्द हवेत

हा भाग मुलींनी वाचायचा आणि मुलांनी दोनदा वाचायचा. नको असेल तर 'नो, ग्रासिआस' पुरतं. पिच्छा सोडत नसेल तर 'देखामे एन पास', म्हणजे 'माझा नाद सोड'. रस्त्यावर अनोळखी मुलीला उद्देशून टाकलेल्या कॉम्प्लिमेंटला स्पॅनिशमध्ये 'पिरोपो' म्हणतात. एकेकाळी त्याचं मोठं कौतुक होतं. आज बहुतेक तरुण मुलींना त्याचा वैताग येतो, आणि लैंगिक शेरेबाजी करून एखादीला घाबरवणं किंवा अपमानित करणं हा स्पेनमध्ये आता गुन्हा आहे.

'सोलो सी एस सी' हे वाक्य तर पाठच करा. अर्थ, 'फक्त हो म्हणजेच हो'. २०१६ मध्ये पाम्प्लोनाच्या सान फेर्मिन उत्सवात पाच जणांनी एका अठरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. २०१८ मध्ये खालच्या कोर्टाने त्याला बलात्कार न म्हणता कमी गंभीर गुन्हा ठरवलं, तेव्हा स्पेनभर बायका रस्त्यावर उतरल्या. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बलात्कारच असल्याचा निकाल दिला. आणि २०२२ मध्ये जो नवा कायदा आला, तो लोकांच्या तोंडी याच घोषणेच्या नावाने आहे. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, संमती स्पष्ट दिसायला हवी, हा त्याचा गाभा. तेव्हा मुलांनो, विचारायला लाजू नका. 'पुएदो दार्ते उन बेसो?' तुझी एक पापी घेऊ का? यात काही अनरोमँटिक नाही. माझ्या मते तर याहून रोमँटिक प्रश्न नाही.

पर्समध्ये ठेवायची चिठ्ठी

किएरेस तोमार आल्गो? – काहीतरी घेऊया का?
ते इन्बीतो – बिल माझ्याकडे
मे काएस बिएन – आपलं छान जमतं (बस, इतकंच)
मे गुस्तास – तू मला आवडतोस/आवडतेस
ई तू आ मी – आणि तू मला
ते एचो दे मेनोस – तुझी उणीव भासते (स्पेनमध्ये)
ते एक्स्त्रान्यो – तेच, पण लॅटिन अमेरिकेत
नेसेसीतो तिएम्पो – मला वेळ हवाय

आणि एक राहिलेलं वाक्य

चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य मला तेव्हा माहीत असतं तर? पण खरं सांगू, अडचण शब्दांची नव्हतीच. अतोचावर उभं असताना माझ्या मनात मराठीत एक वाक्य अगदी तयार होतं. 'तूही मला आवडतोस, पण घाई नको.' इतकं साधं आणि खरं. पण मी ते बाजूला सारलं आणि इंग्लिशमध्ये काहीतरी स्मार्ट, मॅच्युअर शोधायला लागले. ते सापडेना, रांग पुढे सरकली आणि तोंडातून बाहेर पडलं 'ग्रासिआस'.

पुण्यात परत आल्यावर एका दुपारी वही घेऊन बसले आणि ते मराठी वाक्य एकेक शब्द करून स्पॅनिशमध्ये मांडलं.

तूही – तू ताम्बिएन.
मला – मे.
आवडतोस – गुस्तास.
पण – पेरो.
घाई नको – सिन प्रीसा.

तू ताम्बिएन मे गुस्तास, पेरो सिन प्रीसा. एकाही शब्दाची जागा बदलावी लागली नाही! मुळात 'तू'सुद्धा तोच. सगळे शब्द मला पहिल्या आठवड्यातच शिकवलेले होते.

धीर करून पाठवलं. पण तोवर पाच आठवडे उलटले होते. त्याचं उत्तर आलं, "आओरा मे लो दीसेस!" म्हणजे 'आत्ता सांगतेस होय!' पुढे एक स्मायली. मग आम्ही खूप वेळ छान गप्पा मारल्या, आणि त्या गप्पांत एका दुसऱ्या नावाचा उल्लेख दोनदा झाला. मी विचारलं नाही, त्याने लपवलं नाही. आता आम्ही वाढदिवसाला बोलतो. तो अजूनही सांगतो, आता त्याच्याकडे किती वर्षं आहेत ते.

म्हणून फ्रेंड्स, वाक्यं पाठ करा, उच्चार घासा, सगळं करा. पण ऐन वेळी गोंधळलात तर पुस्तक आठवू नका. आईच्या भाषेत मनात जे आलंय, तेच शब्द ओळीने ठेवा. व्याकरण थोडं हुकलं तरी समोरचा समजून घेतो. ट्रेन मात्र थांबत नाही.

चला तर मग, भेटूया पुढच्या आठवड्यात. आस्ता प्रोन्तो!